कानापर्यंत लागणारं आलं

आमच्या मेसच्या काकूंनी उभ्या आयुष्यात रांधताना काही चाखून पाहिलं नव्हतं. आमटी नाही, भाजी नाही, शिऱ्यातली साखरही नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची नाही, हा नियम पुष्कळ घरांत असतो आणि पुष्कळ घरांत तो सणावारापुरताच असतो. काकूंकडे तो रोजचा होता आणि दोन्ही वेळचा होता. सातपूरच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं हात धुऊन ताटावर बसायची, तोवर काकूंना स्वतःच्या आमटीची चव माहीत नसायची. तरी ती कधी बिघडायची नाही, कारण काकू नाकाने स्वयंपाक करायच्या.

मीठसुद्धा वासावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी नवा होतो तेव्हा मला ही शुद्ध थाप वाटली.

"मिठाला कुठे वास असतो काकू?"

"कोरड्याला नसतो. आमटीत पडलं आन् उकळी आली का आमटीचा वास खाली बसतो. बसला म्हंजे झालं."

मी पातेल्यावर वाकून पुष्कळदा हुंगलं. मला नुसता आमटीचा वास यायचा आणि तो बसलाय की उभा आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांना काकूच म्हणायचं, मावशी म्हणायचं नाही. एकाने पहिल्या दिवशी मावशी म्हटलं तर म्हणाल्या, "मावशी म्हंजे आईची बहीण. बहिणीच्या पोराकडनं जेवणाचे पैसे कोन घेतं? काकू म्हन. काकू घेते." त्या मूळच्या चांदवडकडच्या, कांद्याच्या रानातल्या. नवरा सातपूरला एका कारखान्यात होता, तो गेल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या आणि मेस सुरू केली. अंगाने बुटक्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बोलताना त्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, खांद्याकडे बघायच्या. पुढे लक्षात आलं की त्या बघत नसून वास घेत असतात.

"आज ग्राइंडिंगला होतास काय रे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तेलाचा वास निराळा. कालच्याला जळका होता."

आमच्यात एक लेथवाला होता. एकदा तो संध्याकाळी आला आणि ओव्हरटाइममुळे किती दमलोय ते सांगत सतरंजीवर बसला. काकू वाढता वाढता त्याच्या मागून गेल्या आणि म्हणाल्या, "कंच्या कंपनीत रे वासाची पावडर लावून घरी सोडतात? मलाबी चिकटव तिथं." पंगत हसून हसून लोळली. लेथवाल्याचं लग्न त्या पावडरवाल्या मुलीशीच झालं, आणि काकूंनी तिलाही पहिल्या भेटीत खांद्यापाशी हुंगून घेतलं.

मी स्वतः आधी एका कारखान्यात मशीनवर होतो. तिथे मन रमेना म्हणून हॉटेलचा कोर्स केला आणि गंगापूर रोडच्या पुढे धरणाच्या अंगाला एका हॉटेलात बारवर लागलो. राहायला मात्र काकूंच्याच माडीवरच्या खोलीत. नवी नोकरी कसली हे त्यांना सांगताना माझी जीभ जरा अडखळत होती. त्यांनी भाकरी थापता थापता एकच विचारलं, "पितोस का पाजतोस?"

"पाजतो."

"मग हात धुऊन बस जेवायला."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काकू आजारी पडल्या. घरीच बऱ्या झाल्या. ताप गेला, खोकला गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यांचं आलंही. काकूंचं आलं नाही. पहिले काही महिने त्या रोज सकाळी हिंगाची डबी उघडून नाकाला लावायच्या आणि बंद करून जागेवर ठेवायच्या. मग तेही सोडलं. जेवण दोन घासांवर आलं. "माती काय नि भाकरी काय," म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, इतक्या वाळल्या.

मेस मात्र चालू होती, हाताच्या सवयीवर. आता आमटीचा वास बसला की नाही ते सांगणारं कुणी नव्हतं. एक दिवस आमटी अळणी, दुसऱ्या दिवशी खारट, तिसऱ्या दिवशी कशी कोण जाणे बरोबर. पंगतीत कुणी चकार शब्द काढला नाही. ज्या बाईने आमच्यातल्या निम्म्या लोकांना तापात पेज करून घातली होती, तिला मीठ कमी पडलं हे कुणी सांगायचं? सटाण्याचा एक फिटर होता, तो पहिला घास घेऊन मांडीवर बोट टेकवायचा. एक बोट म्हणजे कमी, दोन बोटं म्हणजे जास्त. एक बोट दिसलं की सगळ्यांचे हात शर्टाच्या खिशात जायचे. प्रत्येकाच्या खिशात कागदाची पुडी होती आणि पुडीत मीठ.

हे पुष्कळ दिवस चाललं. गणपतीच्या सुमारास एका रविवारी दुपारी कुणाची तरी पुडी सतरंजीवर राहिली. काकू ताटं उचलत होत्या. त्यांनी पुडी उघडली, सवयीने नाकाशी नेली, आणि तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांना दिसतच होतं, तरी त्यांनी मला विचारलं, "काय हाय रे हे?"

मी म्हटलं, "मीठ."

"कुनाकुनाकडं हाय?"

मग सटाण्याच्या फिटरने आपली पुडी काढून ताटाशेजारी ठेवली. मग लेथवाल्याने. मग एकेकाने. माझीही होती, मीही ठेवली. काकूंनी सगळ्या पुड्यांवरून नजर फिरवली. आम्हाला वाटलं आता रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी पुड्या आनल्या," त्या म्हणाल्या. "देवाला मी रोज असंच खाऊ घातलं की रे. त्यो बिचारा पुडी कुठनं आननार?"

पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या. संध्याकाळी बाहेर येऊन सांगितलं की दिवाळीला सगळे गावी जाल, तर येताना दुसरी मेस बघून या. ही बंद. समजूत घालायला गेलो तर ऐकूनच घेईनात. मेस दुसरी मिळाली असती. सातपुरात मेसना तोटा नाही. पण काकूंनी चूल विझवली असती तर त्यांनी जेवणंच सोडलं असतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

माझ्या नोकरीत त्या वेळी वेगळीच पंचाईत चालली होती. आमच्याकडे मुंबई-पुण्याची माणसं वाइन प्यायला येतात आणि दुसऱ्या दिवशी वाइनचा कंटाळा आला की कॉकटेल मागतात. तांब्याच्या मगात व्होडका, लिंबू आणि वरून जिंजर बियर, याला फार मागणी. जिंजर बियर म्हणजे नावाचीच बियर, खरं तर आंबवलेल्या आल्याचं फसफसणारं पाणी. ते झणझणीत असेल तर पेयाला अर्थ, नाहीतर लिंबू सरबत आणि ते एकच. परदेशी डबे मुंबईहून यायचे ते वेळेवर येत नव्हते. मॅनेजरने मला फर्मावलं, नाशकात चांगली जिंजर बियर कुठे मिळते का शोध.

सोमवारी मला सुट्टी असायची. मी गावातून मिळतील त्या बाटल्या आणि डबे आणले आणि काकूंच्या दारातल्या ओट्यावर ओळीने मांडून एकेक घोट घेत बसलो. काकू शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"काय हाय?"

"आल्याचं पाणी आहे काकू. गॅसचं."

"दे बरं घोटभर. मला काय कळनार म्हना."

मी परदेशी डब्यातलं थोडं पेल्यात दिलं. त्यांनी घोट घेतला, सूप बाजूला ठेवलं आणि गळ्याला हात लावला.

"अरे," त्या म्हणाल्या, "लागलं."

"काय लागलं?"

"लागलं! हितं." त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते नुसतं आल्याने आलं नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या तोंडाला गरम आणि गार याखेरीज काही कळल्याचं त्या बोलल्या नव्हत्या. त्यांनी पेला पुढे केला. "अजून घाल. ती दुसरी बाटलीबी दाव."

त्या दिवशी काकूंनी सगळ्या बाटल्या निकालात काढल्या. पुढे त्यांची स्वतःची एक पट्टीच तयार झाली. आलं कुठपर्यंत पोचतं, यावर सगळं. काही नुसती ओठांवर मरतात. काही जिभेवर मरतात, तिथून पुढे साखर चालत जाते. परदेशी डबा घशापर्यंत गेला. पण काकूंच्या मते ते आलं अजून वाटेतच होतं. "खरं आलं कानात लागतं. लहानपनी सर्दी झाली का माझी आजी चाटण द्यायची, तव्हा कान फुटायचे. कानात लागंल असं आन."

तेव्हापासून मी शोधत होतो ते हॉटेलसाठी की काकूंसाठी, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. दर सोमवारी काकू तयार होऊन ओट्यावर बसलेल्या असायच्या. पायांत चपला, हातात पिशवी. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि माझ्या खांद्यावर थाप मारून कुठे वळायचं ते सांगायच्या, स्वतःला रस्ता माहीत नसला तरी.

भद्रकालीत एका सोडावाल्याकडे गोटीच्या बाटल्या मिळतात असं कळलं म्हणून गेलो. त्याने हिरव्यागार रंगाची बाटली फोडून दिली. काकूंनी ती उजेडात धरली.

"हिरवं आलं कुठं पिकतं दादा?"

"आजी, रंग गिऱ्हाईक मागतं."

"मंग मी गिऱ्हाईक न्हवं का? मला बिनरंगाचं दे."

त्याच्याकडे बिनरंगाचं नव्हतं. हिरवं ओठांवरच मेलं. काकूंनी बाटली संपवली मात्र, कारण विकत घेतलेलं टाकायचं नाही.

कॉलेज रोडला एका गारेगार दुकानात काचेच्या कपाटात डबे होते. काकूंनी एक डबा उचलून कानाला लावला. टाय लावलेला विक्रेता जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, हे एकदम ऑथेंटिक आहे."

"आतलं काय ते सांग. हे काय ऐकू येईना."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, त्यांना आल्याचा झटका कुठपर्यंत जातो ते विचारायचंय. तो प्रामाणिक होता. म्हणाला, मी स्वतः कधी प्यालेलो नाही. काकूंना हे उत्तर आवडलं. बाहेर पडताना म्हणाल्या, पोरगा चांगल्या घरचा दिसतोय.

शेवटी आलं कानाला लागलं ते एका रसवंतीत. उन्हाने दमून आम्ही उसाच्या रसाला थांबलो होतो. काकू चरकाकडे टक लावून बघत होत्या. ऊस, लिंबू, मग आल्याचा तुकडा. त्या उठून चरकापाशी गेल्या.

"ऊस ऱ्हाऊ दे भाऊ. नुसतं आलं घाल."

"नुसतं आलं कसं पिणार आजी?"

"ते मी बगते. तू घाल. जुनं घाल, रेषा असलेलं."

त्याने नाइलाजाने मूठभर आलं चरकात घातलं. पेल्याच्या तळाशी दोन बोटं रस पडला. काकूंनी तो एका दमात घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भर रस्त्यात मोठ्याने हसायला लागल्या. "आलं! कानात आलं! दोन्ही कानांत आलं!" रसवंतीवाला घाबरून पाणी घेऊन धावला. काकूंनी पाणी नाकारलं आणि मला सांगितलं, "झनझनीत हाय. पन यात तुझे बुडबुडे नाय. ते आपन घरी आनू."

अशी आमची जिंजर बियर सुरू झाली. कृती मी कुठेकुठे वाचून सांगितली: आलं सालासकट ठेचायचं, साखर-पाण्यात घालून झाकून ठेवायचं, रोज थोडं आलं आणि थोडी साखर वाढवायची, की ते आपोआप फसफसायला लागतं. मग ते आल्याच्या गोड पाण्याला लावून बाटल्या भरायच्या. काकूंना यातलं काहीही नवं वाटलं नाही. "विरजन लावायचं म्हन की," म्हणाल्या आणि खलबत्ता काढला. मिक्सर घेऊ दिला नाही. त्या बरणीला त्यांनी तांदळाच्या डब्याशेजारची उबदार जागा दिली. रोज सकाळी झाकण काढून बरणीला कान लावायच्या. "आज बोलतंय," असं त्यांनी ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी मीही कान लावला. आत बारीक चुरचुर चालू होती.

हॉटेलातला तांब्याचा मग दाखवायला आणला तर त्यांनी तो आतून बघितला आणि कपाळाला हात लावला. "तांब्यात लिंबू? बिनकल्हईच्या? लोकांना मारता काय रे?" मग त्यांना तो इतका खुपला की भांडी बाजारात एका ओळखीच्याकडून त्यांनी त्याला आतून कल्हई करून आणली. आमच्या बारवरचा तो एकच मग आतून चांदीसारखा होता. गिऱ्हाइकं विचारायची, हा खास आहे का? मी हो म्हणायचो.

पहिल्या खेपेला बाटल्या काचेच्या घेतल्या, ही चूक झाली. जेवणं चालू असताना आतल्या खोलीत स्फोट झाला. पंगत उठून दारात जमली. एक बाटली फुटली होती आणि भिंतीवर आल्याच्या रेषा छतापर्यंत गेल्या होत्या. काकू मात्र भिंतीकडे कौतुकाने बघत होत्या. "जोर हाय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या फिटरने प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून एक छोटा प्रेशर गेज बसवून आणला. काकूंनी काट्याकडे बघितलंही नाही. त्या बाटली दाबून बघायच्या, टायर बघतात तशी. "झाली" म्हणाल्या की काटा बरोबर तिथे असायचा, असं लिहायचा मोह होतो. पण दोनदा त्यांचं चुकलं आणि काट्याचं बरोबर निघालं, आणि फिटर आठवडाभर छाती काढून फिरत होता.

खरी अडचण पुढे आली. बाटलीत भरण्याआधी त्या पाण्यात साखर पुरेशी आहे का, लिंबू जास्त झालं का, हे बघावं लागतं. आणि ते बघायचं म्हणजे चाखायचं. काकू पळी हातात घेऊन थांबल्या. वास येत नाही, चाखायचं नाही. करणार काय?

"हे देवाला दाखवायचं असतं का?" त्यांनी विचारलं.

"याला बियर म्हणतात काकू. देवाला कशी दाखवणार?"

"नशा असते?"

"नावापुरती. असून नसल्यासारखी."

"पन नाव बियर."

"नाव बियर."

त्यांनी विचार केला. मग देव्हाऱ्यापाशी गेल्या. लाकडी छोटा देव्हारा, त्यात खंडोबाचा टाक, बाळकृष्ण आणि रेणुकामाता, पुढे लाल पडदा. काकूंनी पडदा ओढून घेतला. परत आल्या, देव्हाऱ्याकडे पाठ केली, आणि पळीतून तळहातावर चार थेंब घेऊन जिभेने टिपले. साठी उलटलेली बाई, पण चोरून चिंच खाणाऱ्या पोरीसारखी दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हाताने होत असलेली गोष्ट होत असताना चाखली होती.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा टिपलं. "आंबट बरोबर हाय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. तो पडायला दोन-तीन खेपा जाव्या लागल्या. एकदा त्या अशाच म्हणाल्या, आज जरा जास्त गोड झालंय, आणि मी हातातली बाटली खाली ठेवली.

"काकू, तुम्हाला गोड कळतं?"

"कळतं की."

"आंबटही कळतं."

"म्हंजे काय! जिभेवर पडलं का कळतं."

"मग मीठही कळेल! नाक गेलंय, जीभ नाही गेली. आमटी एकदा अशीच हातावर घेऊन बघा ना."

काकूंचा चेहरा बदलला. त्यांना हे कधीच कळून चुकलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. माझ्या आधी कळलं होतं, आणि कळूनही त्या गप्प होत्या.

"आमटी देवाची हाय," त्या म्हणाल्या.

"शबरीने नाही का उष्टी बोरं दिली? रामाने खाल्लीच ना?"

"राम वनवासात होता. वनवासात चालतं. हा माझा घरातला देव हाय. त्याला मी उष्टं घालू?"

मी बाटल्या उचलल्या आणि माडीवर गेलो. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी त्यांच्या देवाचा राग आला होता.

हॉटेलातलं सांगून टाकतो. मॅनेजरने काकूंची पहिली बाटली प्यायली आणि खुर्चीतून उठला. "हीच पाहिजे. दर आठवड्याला." पुढच्या आठवड्याला नेली ती जास्त आंबट होती, त्याच्या पुढची जास्त तिखट. त्याने मला बोलावून सांगितलं की चव रोज एकसारखी पाहिजे. मी काकूंना निरोप दिला. काकू म्हणाल्या, "त्याची बायको रोज एकसारखी असती का, इचार." मी विचारलं नाही. शेवटी आम्ही डब्यावरच परत आलो. फक्त मग भरताना मी त्यात काकूंच्या खलबत्त्यातला जुन्या आल्याचा चमचाभर रस घालायला लागलो, आणि मुंबईचे लोक कानाला हात लावून विचारायला लागले की हे काय आहे. आज मी गोव्यात काम करतो, तिथेही तो चमचाभर रस घालतो. नाशकात चांगली जिंजर बियर कुठे मिळते, याचं उत्तर मात्र मला अजून देता येत नाही.

दिवाळी जवळ आली. शेवटच्या रविवारी दुपारी मंडळी गावी निघायच्या तयारीने पिशव्या घेऊनच जेवायला आली. पिशव्या दाराशी रांगेने ठेवल्या होत्या आणि नेहमीची थट्टामस्करी नव्हती. प्रत्येकाला ठाऊक होतं की हे या सतरंजीवरचं शेवटचं जेवण. सटाण्याच्या फिटरने निघताना प्यायला म्हणून बाटल्या मागितल्या होत्या, त्या काढायला मी आत गेलो. काकू पातेल्यासमोर उभ्या होत्या. आमटीला उकळी आली होती. मीठ घालून झालं होतं, आणि त्या हातात पळी धरून नुसत्या उभ्या होत्या.

मी बाटल्या न उचलता तसाच थांबलो. काकूंना मी आल्याचं कळलं नसावं. पूर्वी मागे वळायच्या आधीच वासाने कळलं असतं.

त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. वाटलं पडदा ओढून घेतील. त्यांनी तो ओढला नाही. उलट थोडा आड आलेला होता तोही पूर्ण बाजूला केला आणि टाकासमोर हात जोडले.

"देवा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "नाक तू नेलंस. मी मागाया आले नव्हते. आता मी हाय तवर तू वनवासात हायस, असं समज."

आणि देवाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून, त्यांनी पळीतली आमटी तळहातावर घेतली आणि चाखली. डोळे मिटले. चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. पुन्हा अर्धी चिमूट. हात धुतले. मग नेहमीसारखी नैवेद्याची वाटी भरून देवापुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं, आणि मागे वळल्या तर मी.

"बगतोस काय? ताटं मांड."

पंगत बसली. मी वाढलं, काकू दारात उभ्या राहिल्या. एरवी त्या कधी अशा उभ्या राहायच्या नाहीत. सटाण्याच्या फिटरने भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि पहिला घास घेतला. सगळ्यांचे डोळे त्याच्या मांडीकडे. त्याने एक बोट टेकवलं नाही, दोनही टेकवली नाहीत. त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग मान वर करून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तो उघड बोलला.

"काकू, आज मीठ बरोबर शे."

"मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या, आणि आत देव्हाऱ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "चाखलंय मी."

आणि त्यांनी स्वतःसाठी ताट घेतलं.